प्रभाकरने एकदा पाहावी अशी ताटली

मी, अन्नपूर्णा चंद्रभान साटोणे, वय ६२, धंदा पॅथॉलॉजी लॅब, राहणार हिंगणघाट, जिल्हा वर्धा, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र लिहिते. कोणाचाही दबाव नाही.

१. लॅबची खोली माझ्या स्वकष्टाची. शेजारी माझा धाकटा भाऊ प्रभाकरराव याचे मेडिकल स्टोअर्स असून मधली भिंत पाडायचा त्याचा जुना बेत आहे. भिंत राहील. खोली व यंत्रे त्याची मुलगी गुंजन हिला देते. तिने बापाचे न ऐकता लॅबचे शिक्षण घेतले, एवढी लायकी मला पुरे.

२. राहते घर व शिल्लक नणंद शोभाबाई हिला. माझे यजमान चंद्रभान यांच्या शेवटच्या आजारात उशाशी तीच बसली.

३. आता प्रभाकर. यजमानांना लघवीच्या जंतूंचा त्रास वरचेवर व्हायचा. ताप आला की हा दुकानातले सर्वांत भारी इंजेक्शन घेऊन हजर. ताप उतरला की बंद. उरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये, पुढच्या तापासाठी. मी म्हणे, आधी जंतू काचेच्या ताटलीत वाढवून कोणते औषध चालते ते तपासू दे. हा म्हणे, "ताई, तुह्या ताटलीतले जंतू मरत नसतीन, माह्या इंजेक्शनानं सारे मरते. भाऊजीले काऊन तडपवून राह्यली?" पैसा कधी घेतला नाही मेल्याने. म्हणून तर आमचे तोंड बंद राहिले.

त्या जंतूंचे एक एन्झाइम आधी फक्त पेनिसिलिनसारखी जुनी औषधे तोडायचे. काही जंतूंत त्याची घडण जराशी बदलली, तोंड रुंदावले, आणि भारी औषधही त्यात बसू लागले, तुटू लागले. इंजेक्शनाने बाकीचे मारले, हेच तेवढे राखले. २००१ साली ते यजमानांच्या रक्तात उतरले. प्रभाकरने तेच इंजेक्शन दुप्पट दिले. तेरवीच्या दिवशी म्हणाला, "नशीब, ताई." नशीब कसले रे!

४. ते जंतू मी लॅबमध्ये नळीत जपले आहेत. गुंजन, माझ्यामागे ते ताटलीत वाढव, मधोमध बापाच्या औषधाची चकती ठेव. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू मरून मोकळी जागा दिसायला हवी. दिसणार नाही, जंतू चकतीला चिकटून वाढतील. बापाला बोलाव, खुर्ची दे, चहा दे, मग ताटली दाखव. नंतर सारे वाफेच्या भांड्यात मारून टाक. हे जंतू औषध तोडायचा आपला गुण परक्या जंतूंनाही देऊन टाकतात. गावात वाटप आधीच झाले आहे. निदान माझ्या लॅबमधून कोणाला काही जायला नको.

प्रभाकर रडला तर रडू दे. जवळ बस त्याच्या. माझ्या नवऱ्यावर त्याचाही जीव होता.

हिंगणघाट, ९ ऑगस्ट २००४
(सही) अन्नपूर्णा चं. साटोणे

माझ्यासमोर सही करणारे साक्षीदार, दोघेही प्रभाकरचे गिऱ्हाईक, तरी आले:
१. रूपराव कुंभलकर (सही)
२. हिरालाल चांडक (सही)