आधी शांत, मग औंढे

१२ नोव्हेंबर १९३४
झुंबर भाऊबीजेला माहेरी औंढ्याला गेली ती तापानं तिथंच पडली. खोकल्यातून रक्त येतं, असा तिच्या भावाचा, रखमाजीचा, निरोप. ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. गुड्स ऑफिसात आज दोन वॅगनांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. असल्या अवस्थेत तिच्यापुढे जाणं बरं नव्हे. घाबरलेला नवरा बायकोला काय धीर देणार? मागे एका बंगल्यावर योगावर लेक्चर ऐकलं होतं. मोकळ्या हवेत रोज शवासन केलं की मन पंधरवड्यात शांत. ठरलं. आधी शांत व्हायचं, मग औंढे.

१३ नोव्हेंबर, सकाळ
तुंगार्लीच्या तळ्याच्या वर, घरापासून हाकेच्या अंतरावर सपाट कातळ आहे. उत्तम जागा. आडवा झालो. डोळे मिटले. झुंबर दिसली. उठलो. पहिलाच दिवस आहे.

१६ नोव्हेंबर
घाट चढणाऱ्या इंजिनांच्या शिट्ट्यांनी डिस्टर्ब होतं. नोकरीभर त्याच ऐकतोय, पण तेव्हा शांत व्हायचं नव्हतं. उद्यापासून कानात कापूस.

१८ नोव्हेंबर, रविवार
सुट्टी. जाता आलं असतं. पण रविवारी प्रॅक्टिस दुप्पट, असा नियम आजच केला. तिच्यासाठी मोसंबी पाठवली.

२१ नोव्हेंबर
रखमाजी ऑफिसात आला होता. काही पाठवू नका, नुसतं या, असं झुंबर म्हणते म्हणे. पुढच्या आठवड्यात नक्की, असं सांगितलं. निम्मी मोसंबी त्यानं परत आणली. तिला खाववत नाहीत. घरी आणून मीच खाल्ली. गोड होती. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

२४ नोव्हेंबर
थंडी. आता डोक्यावरून पांढरी चादर घेऊन पडतो. ती झुंबरनं धुतलेली आहे, सोड्याचा वास येतो. आज चादरीत रडू आलं. बराच वेळ. सुरुवातीला मनातला मळ बाहेर पडतो, असं लेक्चरात होतं. म्हणजे प्रोग्रेस आहे.

२७ नोव्हेंबर, सकाळ
आज परीक्षाच झाली. कुणी बाई हाका मारत होती. कापसातूनही ऐकू येत होतं. मी गप्प. तिनं चादरीचं टोक उचललं. तरी डोळे उघडले नाहीत, श्वासही रोखून धरला. बाई पळत गेली. पास झालो.

२७ नोव्हेंबर, संध्याकाळ
ती बाई चिमाबाई होती. ठाकरवाडीची, आमच्याकडे मोळी टाकते. पांढरी चादर, कानात कापूस, हाकेला ओ नाही. बिचारीनं काय समजायचं? झुंबरला कळवायला हवं म्हणून मोळी तिथंच टाकून तडक औंढ्याला गेली.

औंढ्यात रडारड झाली. बायका बांगड्या फोडायला पुढे आल्या. झुंबरनं हात मागे घेतले. आधी मी बघणार, म्हणाली. अंगात ताप, उभं राहवत नाही, तरी बैलगाडीत पेंढा घालून रखमाजीला घेऊन आली.

ड्यूटी दुपारची होती. मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो.

रखमाजी मला नाही नाही ते बोलला. झुंबर मात्र हसली. हसता हसता खोकला आला. तोंडाला लावलेला पदर लाल झाला, तो तिनं दुमडून आत घेतला. मग म्हणाली, "बरं झालं. मेल्याची खोटी बातमी उटली की मानूस लय जगतं. आता तुमचं आयुष्य वाढलं."

उठून तिचा हात धरावा असं फार वाटलं. पाय उचललेच नाहीत. कप हातात तसाच. ओट्यावरूनच रखमाजीला म्हणालो, इथं गारठा आहे, औंढ्याला तिची आई आहे, तिकडंच ने. झुंबर गाडी वळेपर्यंत माझ्याकडं बघत होती.

३० नोव्हेंबर
एका परीनं भेट झालीच. त्यामुळे आता तशी घाई नाही. चेहऱ्यावर तेज वाटलं. तापाचं नसावं. रविवारी नक्की.

२ डिसेंबर, रविवार
स्वच्छ ऊन. धुतलेला सदरा घालून निघालो. रेल्वेच्या फाटकापर्यंत गेलो. फाटक उघडं होतं. परत आलो. मन अजून कच्चं आहे. कच्च्या मनानं आजाऱ्याला भेटू नये, असं लेक्चरात होतं. बहुतेक होतं.

५ डिसेंबर
सकाळी रखमाजी आला. झुंबर गेली.

१५ डिसेंबर
काल दहावा झाला. औंढे तासाभराच्या वाटेवर आहे. त्या दिवशी धावत गेलो, लवकरच पोचलो. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. बायका म्हणत होत्या, सवाष्ण गेली, भाग्याची. शेवटी शेवटी तिनं काय विचारलं, ते मी कुणाला विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

सोमवारपासून ड्यूटी. आयुष्य वाढलंय म्हणते. एवढ्या आयुष्याचं मी काय करू, ते सांगायला हवं होतं तिनं.

आज कातळावर गेलो होतो. चादर नेली होती. चादरीला आता सोड्याचा वास येत नाही. आडवा होववेना, म्हणून बसून राहिलो. कानात कापूस घातला नाही. इंजिनं घाट चढत होती. खालून चिमाबाई मोळी घेऊन आली. मला बघून लांबच थांबली आणि भीत भीत म्हणाली, "भाऊ, जागं हाय न्हवं?"

या खेपेला मी लगेच ओ दिली.