वापरणारं कोणी उरलेलं नाही

प्रिय राडिम,

प्रागहून पाठवलेलं तुझं कार्ड मिळालं. दरवर्षीसारखा यंदाही दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, बोहुमिलच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला येणार म्हणून लिहिलं आहेस. उत्तराला आठवडा लागला.

बोहुमिलने बहिणीच्या, यार्मिलाच्या, ब्रेल यंत्रासाठी ते मॉड्यूल, म्हणजे यंत्र संगणकाशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला तेव्हा यंत्राची कंपनी केव्हाच बंद पडली होती. मॉड्यूल चाललं नाही तर यार्मिलाच्या बोटांखाली एकही टिंब वर येत नाही. ते संगणक प्रणालीच्या गाभ्यातच घ्या म्हणून त्याने, तो गाभा सांभाळणाऱ्या तुमच्या गटाकडे, दोनदा पाठवलं. एका बाईसाठी घेता येत नाही म्हणून दोन्ही वेळा तूच परत केलंस. त्याने मनाला लावून घेतलं नाही. "आपण व्हरांड्यातले भाडेकरू," तो म्हणायचा, "आतल्यांनी कपाटं हलवली की आपण आपली खाट सरकवायची."

शेवटच्या दिवसांत इस्पितळात तू त्याला म्हणालास, "काही हलवणार असेन तर आधी व्लास्ताला सांगेन." मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते.

तो गेल्यावर मी, टपाल कचेरीत पत्रं लावणारी त्याची बायको, त्याच्या पुस्तकांवरून हे काम शिकले. गाभ्याची नवी आवृत्ती आली की कधी एखाद्या फंक्शनचं नाव बदललेलं असायचं, कधी त्याला दोनाऐवजी तीन गोष्टी द्याव्या लागायच्या. मी लिहायचे: आवृत्ती जुनी असेल तर हे, नवी असेल तर ते. अडले की तुला विचारायचे. "तू बोहुमिलपेक्षा नीटनेटकं लिहितेस," असं तू एकदा कळवलंस. तो कागद मी छापून ठेवला आहे.

सप्टेंबरात मॉड्यूल नव्या आवृत्तीवर उभंच राहिना. या वेळी फंक्शनचं नाव बदललं नव्हतं, ते फंक्शनच काढून टाकलं होतं. कोणी काढलं ते गाभ्यातल्या बदलांच्या नोंदींत शोधलं. मे महिना, तुझं नाव, आणि खाली कारण: 'हे वापरणारं आता कोणी उरलेलं नाही.'

जूनमध्ये यार्मिलाच्या वाढदिवसाला तू आमच्याकडे जेवलास, राडिम. जर्दाळूचे उंडे दोनदा मागून घेतलेस. तिने यंत्राच्या पट्टीवर बोटं फिरवत तुला वर्तमानपत्र वाचून दाखवलं आणि तू ऐकत बसलास.

मी तिला सांगणार नव्हते. पण जुन्या आवृत्तीवर तिचं यंत्र अजून चालतं, आणि ती नोंद माझ्याकडून उघडीच राहिली. त्या ओळीवर तिची बोटं थांबली, मागे गेली, पुन्हा फिरली. मग म्हणाली, "असं होय? मग जूनमध्ये तो माझ्या भुताकडे जेवला वाटतं." हसली, आणि पट्टीवरून हात काढून मांडीवर ठेवले. दोन दिवस तिने यंत्राला हात लावला नाही.

दुरुस्ती मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. तू काढलेलं फंक्शन जुन्या आवृत्तीतून उचलून मी आमच्या मॉड्यूलमध्ये घातलं. एकोणीस दिवस लागले. काल नव्या आवृत्तीवर टिंबं वर आली. नोंदीतलं वाक्य आता कोणालाच बदलता येत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण तुमच्या पत्रयादीवर, जिथे प्रत्येक बदलावरची तुमची पत्रं सगळ्यांना वाचता येतात, त्या बदलाखाली उत्तर लिहिता येतं. तिथे स्वतःच्या नावाने लिही: एक वापरणारी होती, आणि मला माहीत होतं. लिहिलंस तर दोन तारखेला ये. नाही लिहिलंस तर मेणबत्ती मी एकटी लावीन. मला कळवायची गरज नाही. यार्मिलाने यंत्र पुन्हा हाती घेतलं आहे, आणि सकाळी उठून सगळ्यांत आधी ती तुमची पत्रयादीच वाचते.

तुझीच म्हणावं का, ते अजून ठरलेलं नाही,
व्लास्ता