भवानीबाईंना आलेली मेल

देवास,
२० ऑगस्ट २००८

ती. दादास,
चिऊचा शि. सा. नमस्कार.

राखीहून सुखरूप पोहोचले. वहिनींचे लाडू तात्यांनी मी येताच फस्त केले. मेल न करता पोस्टाने लिहिते आहे, याचं तुला नवल वाटायला नको.

"आमची चिऊ ब्राउझरमधले ढेकूण शोधते," असं तू सगळ्यांना हसत सांगतोस. खरंच आहे ते. माझ्या एम.टेक.साठी लॅबमध्ये एक मशीन वेगळं ठेवलं आहे. त्यावर एक टूलबार, म्हणजे ब्राउझरवर बसणारी जादा पट्टी, चढवायचा आणि एक खोटं माणूस बनवून त्याच्या नावाने इंटरनेट वापरायचं. पंचांगाच्या टूलबारसाठी मी भवानीबाई बनवल्या. त्यांचा पत्ता आणि पासवर्ड त्या मशीनशिवाय कुठेच टाकला नव्हता. तरी थोड्याच दिवसांत त्यांना परदेशी लॉटरीच्या मेल आल्या आणि कोणीतरी त्यांच्या खात्यातही शिरलं. बिचाऱ्या जन्मायच्या आधीच लुटल्या गेल्या!

हाच टूलबार तू गेल्या गणपतीत मंडळात वाटलास, मोदकाबरोबर सीडी. एरवी तात्या कुठल्याही सीडीला हात लावत नाहीत. तेव्हा म्हणाले, "प्रसादाबरोबर आलंय, मना कसं करणार?" सगळ्या कॉलनीने तसंच केलं.

मग तात्यांच्या नावाने ओळखीच्या सगळ्यांना मेल गेल्या, दवाखान्यात आहे, मदत पाठवा. लोक घरी धावत आले, तर तात्या ओट्यावर शेंगा सोलत बसलेले. त्या दिवसापासून त्यांनी कॉम्प्युटरवर चादर टाकली आहे. "आता आपल्याला नाही जमत," म्हणतात. मंडळातही जात नाहीत. मला ते बघवत नाही, दादा.

तुला माहीत नसेल, असं मी मनाला समजावत होते. पण राखीला तुझ्या मशीनवर मननचे फोटो बघायला बसले, तर ती पट्टीच नव्हती. सगळ्यांना प्रसाद वाटलास आणि स्वतः चाखला नाहीस. ओवाळताना विचारलं, तर म्हणालास, "छोड ना चिऊ. टूलबार कंपनीने बनवला, मी सिर्फ पंचांग भरलं. तुझ्या थीसिसमध्ये टूलबारचं नाव बदलून टाक. घरची बात घरात." हातात ओवाळणीचं ताट होतं, म्हणून तेव्हा फक्त ओवाळलं.

नाव बदलणार नाही. यंदाच्या सीड्या तयार आहेत असं वहिनी म्हणाल्या. त्याही वाटू देणार नाही. गणपती बसतील त्या संध्याकाळी, आरतीनंतर, ही पट्टी कशी काढायची ते मंडळात सांगितलं जाईल, आणि चूक तात्यांची नव्हती हेही. ते तू सांगावंस. आलास तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन. नाही आलास तर माईक मी घेईन. काही झालं तरी तात्यांना पहिल्या रांगेत बसवणार आहे.

त्यांना अजून काही बोलले नाही. तुझ्या तोंडून कळावं म्हणून थांबले आहे.

वहिनींना नमस्कार, मननला पापा.

तुझीच, पण या वेळी तुझ्या बाजूची नसलेली,
चिऊ