वळणावरचा कठडा

आये,

तुझी नजर गेली त्यानंतरचं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. उजव्या हातात सोलकढीचं पातेलं, डावा तळवा ओट्याच्या कडेवरून भिंतीवर सरकतोय, आणि तू मागच्या पडवीकडे निघालीयस. भिंत संपून दार सुरू होतं तिथे मात्र थबकतेस. हात हवेत. काय झालं म्हणून विचारलं तर खेकसलीस, "भित सरली काय माका काळोख लागता गो! तेवढा कळना नाय तुका?" मग दाराची चौकट सापडली आणि तू गेलीस.

मी आता कणकवलीत संगणकावर घरं काढते. तू म्हणाली असतीस, बांधूक नाय त्या घराक जिने कसले? पण बघ ना, मी पायरीची उंची जराशी बदलते आणि अख्खा जिना आपणहून अंग सावरून घेतो, कठडा त्याच्यामागून वर चढतो. इतकी वर्षं करतेय, तरी तोंडात बोट घालायची पाळी येते.

यंदा मिठबावच्या एका म्हाताऱ्या तांडेलांच्या घराचं काम आलं. जन्मभर होडी हाकलेला माणूस, आता काहीच दिसत नाही. मुलगा म्हणाला, बाबांची खोली खालीच काढा. म्हातारे हटून बसले. "खाली दर्यो आयकाक येना नाय. माका वरच झोपाक व्हया. आणि कोणी माजो हात धरूचो नाय." मुलगा म्हणाला, आधी जिना दाखवा, मग ठरवू.

संगणकात तयार कठडे असतात, निवडला की जिन्यावर जाऊन बसतो. पण जिना वळतो तिथे तो तुटायचा. खालचा संपायचा, वरचा वीतभर उंचावर सुरू व्हायचा. डोळस माणसाचं तिकडे लक्षही जात नाही. मला तिथे तुझा हात हवेत दिसला. तयार कठडा पुसला आणि रेघ स्वतः ओढली, वळणावर हळूच चढणारी, शेवटच्या पायरीनंतरही थेट वरच्या, दर्याकडच्या गॅलरीच्या दारापर्यंत नेलेली. मग पडद्यावरचं घर फिरवून पाहिलं. कुठेही न तुटलेली एकच रेघ. अंगावर काटा आला गो आये. जागेवर अजून एकही चिरा बसला नव्हता, आणि त्या घरात एका माणसाची वाट तयार होती. मुलानंही ती बराच वेळ पाहिली, मग वरच्या खोलीला हो म्हणाला.

सुतारानं तो कठडा सागात तसाच उतरवला. घरभरणीच्या दिवशी तांडेलांनी तो चाचपला आणि एकटेच चढायला लागले. तू आता नाहीस, हे पत्र कुठे टपालात टाकायचं नाही, म्हणून सांगते. वळण जवळ आलं तेव्हा मला राहवलं नाही, त्यांना धरायला मी पुढे धावले. रेघ माझीच, आणि माझाच तिच्यावर विश्वास नव्हता. मुलानं माझं मनगट धरून थांबवलं. "रवा. जातले ते," म्हणाला. वर गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.