मासळीची पूड

बाबा, कळमेश्वरच्या आपल्या कोंबडीखाद्याच्या फीड मिलमध्ये आता मासळीचा वास येत नाही. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी तुम्हाला काही सांगावंसं वाटलं ते हेच. शाळा सुटली की मी तिथे यायची आणि ओढणी नाकाला लावून उभी राहायची. एकदा तुम्ही सगळ्यांसमोर रागावलात. "नाक काहून धरून राहिली वं? ज्या मासोळीले कुत्रं बी विचारत नव्हतं, ते आपण कोंबडीले देतो. तिचं अंडं तुह्या ताटात येते. कोणाचं काय बिघडते यात?" मला ते पटलं होतं, आवडलंही होतं. किनाऱ्यावर फेकून दिलेली मासळी पूड होऊन ट्रकनं इतक्या लांब येते आणि कुहीच्या शेडमधल्या कोंबड्यांचं पोट भरते, यात मला तुमची हुशारी दिसायची.

तुमच्यानंतर मिल मी चालवू लागले. मागच्या वर्षी पूड खराब यायला लागली, म्हणून माल देणाऱ्याला भेटायला थेट बंदरावर गेले. तुम्ही कधी गेला नव्हता. समुद्र तुम्ही पाहिलाच नाही. बोट धक्क्याला लागलेली आहे, क्रेटवर क्रेट उतरतायत, त्यांत बोटाएवढी चंदेरी मासळी आणि मध्येच चिमुकले खेकडे. मी बोटीच्या मालकाला विचारलं, "हे जाळ्यात चुकून आलेलं ना?" तो म्हणाला, "पूर्वी यायचं तसं. बांगड्याला जायचो, हे सोबत यायचं, टाकून द्यायचो. आता याला गिऱ्हाईक आहे, तर याच्यासाठीच जातो. जाळंही बारीक विणीचं घेतलं." "आणि बांगडा?" त्यानं मूठभर मासळी माझ्यापुढे धरली. "यातच आहे की. वाढायचा राहिला. आणि जो वाढतो त्याला खायला हेच लागतं, ते आम्ही आधीच उचलतो." तो काही लपवत नव्हता. बोट दरवर्षी आणखी लांब न्यावी लागते म्हणाला, थकल्यासारखा.

परत आले आणि पूड बंद करायचं ठरवलं. तेल काढून उरलेली सोयाबीनची ढेप वाढवली, मासळीतून मिळणारं जे कमी पडेल ते वेगळं घातलं. कुहीचे तुमचे जुने गिऱ्हाईक, मी ज्यांना काका म्हणते, ते एका शेडमध्ये नवं खाद्य घालून पाहायला तयार झाले, दुसऱ्या शेडला तोवर बाहेरचं घेतलं. आठवड्यातच अंडी घटली. "पोरी, तुह्या बापाचा माल असा नव्हता," एवढंच ते म्हणाले. ते तुटले असते तर त्यांच्याकडे बघून बाकीचेही गेले असते. मिश्रण बदललं, पुन्हा बदललं. परवा सकाळी पोळ्या लाटत असताना फोन वाजला. "ट्रे भरून राहिले ना वं! टरफलबी मस्त कडक आहे. आता दुसऱ्या शेडलेबी हेच पाठव." तव्यावरची पोळी करपली आणि मी ओट्याला टेकून एकटीच हसत राहिले.

एका मिलनं पूड सोडली म्हणून समुद्र पुन्हा मासळीनं भरत नाही, हे मला कळतं. पुडीचा तो ट्रक आता दुसऱ्या कुणाच्या दारात उभा राहत असेल. तुम्ही चुकलात असंही नाही. तुमच्या वेळी ती मासळी खरंच टाकून दिली जायची. लोकांना मी सांगते की हे समुद्रासाठी केलं, आणि सुरुवात तशीच झाली होती. पण हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते: काकांचा फोन आला तेव्हा समुद्र माझ्या मनातही नव्हता. मिल राहिली, एवढंच वाटलं.