धोंडूचे हात

ता. ९ डिसेंबर १९३३

आज परत शाळा बुडाली. धोंडू उजाडल्यापासून विहिरीपाशी. हात धुवायचे, संध्येला बसायचं, मध्येच उठायचं — मंत्र चुकला म्हणून — परत हात धुवायचे. ह्या थंडीत! बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, त्यांतून रक्त येतं. मी तांब्या काढून घेतला तर असा थरथरायला लागला की परत दिला.

सासूबाई पडवीतून शेजारच्या सगुणाबाईंना सांगत होत्या, "मुंज झाल्यापासून बघ गो कसा झालाय. एवढंसं पोर, पण सोवळं कसं पाळतंय!"

बारा वर्षांच्या पोराच्या हातांतून रक्त येतंय आणि ह्यांना सोवळं दिसतं.

ता. ११ डिसेंबर

हे कचेरीतून आले तेव्हा चहा देताना विषय काढला. म्हटलं, हे काही बरं लक्षण नाही, कोणाला तरी दाखवू या. वर्तमानपत्र खाली न घेता म्हणाले, "वय आहे. जाईल."

संपलं बोलणं.

ता. १४ डिसेंबर

मीच रावजी वैद्यांकडे गेले, धोंडूला घेऊन. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली. अंगात उष्णता आहे म्हणाले. हाताला लावायला तूप दिलं. मी म्हटलं, हातांचं नंतर बघू, पण हा थांबत का नाही? मनात काय चाललंय ह्याच्या?

तर हसले. "वहिनी, असा मुलगा पोटी यावा म्हणून लोक नवस बोलतात. तुम्ही औषध कसलं मागता?"

तुपाचे हात धोंडूनं घरी येताच धुतले. चिकट लागले म्हणून आणखी जास्त वेळ.

ता. २१ डिसेंबर

आज बंदराकडच्या डॉक्टरांकडे. मुंबईला शिकून आलेत, भिंतीवर पाटी आहे इंग्रजी. वाटलं, हा तरी विचारील काही. त्यांनी धोंडूकडे नीट बघितलंही नाही. म्हणाले, "माझ्या मुलाला आंघोळीला ओढत न्यावं लागतं. तुमची तक्रार काय, की मुलगा फार स्वच्छ आहे?" कंपौंडरही हसला. धोंडू मान खाली घालून उभा. हात पाठीमागे लपवलेले.

मी विचारलं, मनाचं काही दुखणं असेल तर? "मनाला मलम नसतं, बाई. मोठा होईल, विसरेल."

वाटभर मी भराभरा चालत आले. रागानं.

ता. ४ जानेवारी १९३४

मास्तरांनी उशिरा आल्याबद्दल छड्या मारल्या. त्याच हातांवर.

ता. १७ जानेवारी

आज आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. बायका तिळगूळ घेतात आणि मागच्या दारी जाऊन धोंडूला बघून येतात. जत्रेत बघायला जावं तसं. सासूबाई स्वतः नेतात! एकीनं तर चक्क वाकून त्याच्या पायाला हात लावला. दुसरीनं आपलं तापलेलं तान्हं पुढे केलं — "डोक्यावर हात ठेव रे बाळा, तुझ्या हाताला गुण येईल."

धोंडूनं हात ठेवला नाही. पांढराफटक पडला आणि विहिरीकडे पळाला. बायका एकमेकींना म्हणाल्या, "बघा, शिवाशीव कशी कळते त्याला."

मी हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं आणि मागे गेले. तो पाणी ओतत होता आणि रडत होता. तोंड वेडंवाकडं करून, आवाज न काढता. म्हटलं, "बाळा, थांबव ना आता." म्हणाला, "मला थांबायचंय गं आई. थांबता येत नाही."

घरात तोवर बायका त्याची पत्रिका कोणी केली ते विचारत होत्या.

ता. १९ जानेवारी

फुलं घालायला गोदूबाई येते, तिनं सगळं बघितलेलं. आज टोपली उतरवून बसली. "वयनी, येक सांगू? रागवू नका. माझा दीर वेड्यांच्या इस्पितळात रांधतो. तो सांगतो, तितले डागदर मानसाशी बसून बोलतात. पोराला दावून तर बगा."

वेड्यांचं इस्पितळ! पण मग वाटलं, शहाण्यांकडे जाऊन काय मिळालं?

ता. २२ जानेवारी

गेले. घरी भगवतीच्या देवळाला जाते सांगितलं. गोदूबाई सोबत होती.

डॉक्टर पन्नाशीचे असतील. आम्हांला आत नेलं नाही, बाहेर व्हरांड्यात बसवलं. धोंडूला खुर्ची दिली. मोठ्या माणसाला देतात तशी! हात पुढे कर म्हणाले नाहीत. आधी विचारलं, शाळेत काय आवडतं? धोंडू म्हणाला, नकाशे. बराच वेळ नकाशांवर बोलले. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "आणि हात नाही धुतले तर काय होईल असं वाटतं?"

धोंडूनं हात मांडीखाली घातले. मला वाटलं, नाही सांगणार. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई मरेल."

मंत्रात अक्षर चुकलं तरी मी मरेन. हात नीट धुतले नाहीत आणि मला शिवला तरी मरेन. मुंजीच्या दिवसापासून हे पोर रोज मला वाचवतंय. इतक्या लोकांनी ह्याचे पाय धरले, ह्याला छड्या मारल्या, ह्याला हसले. एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही.

डॉक्टर म्हणाले, हे पुण्यही नाही आणि खोडीही नाही. दुखणं आहे, आणखीही मुलांना असतं. म्हटलं, मग कुठे नेऊ? म्हणाले, "इथं सगळी मोठी माणसं, ह्याला इथं ठेवणं बरं नव्हे. मुलांसाठी वेगळं असं जिल्ह्यात काही नाही. मुंबईत असेल तर माझ्या कानावर नाही."

गुरांना दवाखाना आहे ह्या गावात. आजारी बैल दाखवायला जागा आहे. मुलाचं मन दाखवायला नाही.

निघताना त्यांनी सांगितलं — ओरडू नका, कौतुकही करू नका. एकदा धुऊ द्या आणि मग जवळ बसून राहा. भीती चढेल. धुतलं नाही तरी ती आपोआप उतरते हे त्याला हळूहळू कळू द्या. एकटा ठेवू नका.

ता. २३ जानेवारी

कळलंच. कोणीतरी बघितलं असणार. सासूबाईंनी माझ्या हातचं जेवायचं सोडलं. "वेड्यांच्या दारात नेलंन पोराला! देवानं दिलेलं ह्या बाईला बघवत नाही."

ह्यांनी एवढंच विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" मी सगळं सांगितलं. आई मरेल, तेही. उठून आगरात निघून गेले. नारळाच्या झाडांत उभे राहिले होते, पाठमोरे. मला वाटलं, अब्रूची काळजी. वाटू दे! मला कसलीच उरली नाही.

ता. २८ जानेवारी

आता हे नवीन. शास्त्रीबुवा आले होते. धोंडूला हेदवीला न्यायचं, दशभुजा गणपतीपुढे अथर्वशीर्षाची सहस्र आवर्तनं करायला बसवायचं. गावोगावचे लोक येतील. सासूबाईंनी हो म्हणून टाकलं! पुढच्या सोमवारी बंदरावरून मचव्यानं निघायचं.

सहस्र. ज्या पोराला एक आवर्तन चुकलं तर आई मरेल असं वाटतं, त्याला सहस्र!

मी माजघरातून बाहेर आले आणि शास्त्रीबुवांसमोर म्हटलं, "धोंडू येणार नाही." ह्या घरात परक्या पुरुषापुढे मी पहिल्यांदा बोलले असेन. शास्त्रीबुवा ह्यांच्याकडे बघत राहिले. हे काही बोलले नाहीत. ना हो, ना नाही. त्या गप्प बसण्याचा मला इतका संताप आला की सासूबाईंचाही कधी आला नव्हता.

ता. १ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सांगितलं तसं करते आहे. धोंडू एकदा धुतो, मग मी त्याच्याजवळ पायरीवर बसते. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहतो, मी मरते आहे का ते. श्वास जोरात चालतो. काल जमलं, आज नाही जमलं. हेदवीचं ऐकल्यापासून झोपेतही हात चोळतो.

म्हटलं, "मी नेऊ देणार नाही." म्हणाला, "आजी म्हणते, न्यायचं ठरलंय."

ता. ५ फेब्रुवारी

सकाळीच शास्त्रीबुवा दारात, मचवा लागलाय म्हणून. मी धोंडूला घेऊन स्वयंपाकघरात कडी लावून बसले होते. म्हटलं, दार मोडा आणि न्या.

बाहेर ह्यांचा आवाज आला. "मुलगा येणार नाही. बरं नाही त्याला." शास्त्रीबुवा काही बोलले, सासूबाईही बोलल्या. हे परत तेच म्हणाले, तेवढेच शब्द. मग चपला वाजल्या, अंगणाच्या दाराची दिंडी वाजली.

आज का? त्या दिवशी का नाही बोलले? विचारणार होते, पण तोवर कचेरीत गेले होते.

ता. ६ फेब्रुवारी

आज कचेरीत गेले नाहीत. मी विहिरीकडे निघाले तर हे धोंडूशेजारी पायरीवर बसलेले. मी दाराआडच थांबले. सांगत होते — तुझ्याएवढा होतो तेव्हा चूल विझली का ते बघायला मी परत परत उठायचो. घर जळेल, सगळे मरतील, असं वाटायचं. मला कोणी विचारलं नाही, मीही कोणाला सांगितलं नाही. अजूनही कचेरीच्या वाटेवरून मागे फिरतो, चूल बघायला.

मला इतकी वर्षं वाटायचं, पानाची चंची विसरतात म्हणून परत येतात.

धोंडू स्वतःच्या हातांकडे बघत होता. मग विचारलंन, "आणि अण्णा, ज्या दिवशी उठला नाहीत, त्या दिवशी कोण मेलं?"

हे म्हणाले, "कोणी नाही रे. कोणीच नाही."