मेंढपाळाचा खुबा

२ जुलै
आजपासून रोज लिहिणार. शिस्त हवी.
आमच्या सोसायटीचं अधिवेशन सतरा ऑगस्टला हॉबर्टला. टास्मानियातले सगळे हाडांचे सर्जन येणार. मी नऊ वर्षं सचिव, त्यामुळे सगळं माझ्याच डोक्यावर.
डावी मांडी जरा आखडलीय. बागकामामुळे. आठवड्यात जाईल.

५ जुलै
मोज्यांशिवाय दवाखान्यात गेलो. मुद्दाम. तरुण मंडळी हल्ली असंच करतात. ऐन हिवाळा, बाहेर तीन डिग्री.
रिसेप्शनवरच्या ग्लेनिसने विचारलं, डॉक्टर, घरातले मोजे संपले, की वाकायचं संपलं?
तिला इतकी वर्षं कामावर ठेवलं, हीच चूक.

९ जुलै
मांडी तशीच. गाडीची सीट वाईट आहे. बदलणार.
दुपारी मिसेस डॅलिमोर आल्या होत्या. खुब्याच्या सांध्याची गादी पार झिजलीय, तरी ऑपरेशनला अजून थांबू म्हणतात. स्पष्ट सांगितलं, बाई, थांबून सांधा भरून येत नाही. माणसं स्वतःला इतकं कसं फसवतात?
त्यांना दारापर्यंत सोडायला उठलो. पहिल्या प्रयत्नात उठता आलं नाही. खुर्ची फार खोल आहे.

१४ जुलै, रविवार
ओळखीच्या एक्स-रेवाल्याकडे जाऊन गुपचूप फिल्म काढली. केवळ शंका मिटावी म्हणून.
फिल्म पाहिली. अँगल चुकलाय.
परत काढली. तिचाही चुकलाय.

२२ जुलै
झकास कल्पना!
अधिवेशनात ‘निनावी फिल्म’चा रिवाज आहे. पडद्यावर एक्स-रे लावायचा, नाव सांगायचं नाही, फक्त वय आणि तक्रार. ऑपरेशन करावं असं ज्याला वाटेल त्याने हात वर करायचा. फिल्म निवडतो सचिव. म्हणजे मी.
माझीच लावणार. छप्पन्न तज्ज्ञ ‘थांबा’ म्हणाले की विषय मिटला. याला म्हणतात शास्त्रीय पद्धत.

२८ जुलै
रुग्णाची माहिती तयार केली. वय एकाहत्तर (मी त्रेसष्ट वर्षांचा, कुणाला संशय नको). मेंढपाळ. रोज दहा किलोमीटर चालतो. दुखणं किरकोळ.
बायकोने, नोलीनने, खांद्यावरून वाचलं. म्हणाली, ग्रेम, तुझ्या मेंढपाळाच्या पायाची नखं कोण कापतं रे? त्याची बायको?
म्हटलं, तशी नोंद नाही.
मग नोंद कर म्हणाली, आणि बायको कंटाळलीय असंही लिही.
लिहिलं नाही. निर्णयाशी संबंध नाही.

१० ऑगस्ट
एकच धोका. आमचे लोक चेहरा विसरतील, चाल विसरणार नाहीत. उपाय सापडला. सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचं, सगळे गेल्यावर उठायचं. फिल्मचं बटण हातातच असेल. चालायचा प्रश्नच नाही.

१७ ऑगस्ट, सकाळी ६.४०
सभागृहात पहिला मी. तिसऱ्या रांगेत बसलो. योजना उत्तम चाललीय.

१७ ऑगस्ट, संध्याकाळ
बटण चाललं नाही. मंचापर्यंत जावं लागलं. सत्तावीस पावलं. ताठ चाललो. सभागृहात एवढी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव असतो.
फिल्म लावली. मेंढपाळाबद्दल सांगितलं. इमोजन पॅस्को उठली. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी. तिने विचारलं, सर, हा मेंढपाळ चालतो कसा?
म्हटलं, ताठ.
मागून कोणीतरी ओरडलं, आत्ताच तर बघितला!
हशा. मी हसलो नाही. मतदान पुकारलं. हात मोजले. सत्तावन्न. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले. माझ्याखेरीज सभागृहात छप्पन्नच होते.
सत्तावन्नावा माझा. तसली फिल्म दिसली की हात आपोआप वर जातो. तीस वर्षांची सवय.
चहाच्या वेळी इमोजन जवळ आली. म्हणाली, सर, मेंढपाळाला सांगा, सत्तावीस तारखेला माझ्या ऑपरेशनच्या यादीत पहिला नंबर रिकामा आहे.
म्हटलं, त्याला सवड नाही गं. मेंढ्या कोण बघणार?
ती म्हणाली, मेंढ्या आम्ही सगळे मिळून बघू.
बिस्किटं बरी होती.

२६ ऑगस्ट
उद्या सकाळी आठला ऑपरेशन. वॉर्डात दाखल झालो. नर्सने माहितीपत्रक दिलं. सोसायटीचं, मीच लिहिलेलं. उपाशी कधीपासून राहायचं, अंगठी काढायची, कुबड्या किती दिवस, सगळं आहे. भीती वाटली तर काय करायचं, ते कुठेच नाही. दोनदा वाचलं.
शेवटी लिहिलंय, शंका असल्यास फोन करा. नंबर सचिवाच्या दवाखान्याचा.
लावला. ग्लेनिसने उचलला. म्हटलं, मला भीती वाटतेय.
ती म्हणाली, सगळ्यांनाच वाटते हो, डॉक्टर. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी या नंबरवर तुमचे पेशंट मला तेच सांगतात. बोला तुम्ही, मी ऐकतेय.
इतकी वर्षं शेजारच्या खोलीत होतो. तो फोन कशाला वाजतो, कधी विचारलंच नाही.